दक्षिणेला नमस्कार

घेवराच्या मिठाईचा डबा पोचला, एवढंच सांगायला अभिजित तिच्या टेबलाशी आला होता. आणि तेवढं सांगता सांगता तो सुनेत्राचं कित्येक वर्षांचं काहीतरी मोडून गेला. त्याला ते कळलंसुद्धा नाही. ऑफिसातला हा मुलगा जन्मापासून जयपूरचा. चुलतबहिणीच्या लग्नाला पहिल्यांदा कोकणात निघाला, तेव्हा तिनंच त्याला म्हटलं होतं, आमच्या गावासमोर समुद्रात बेट आहे, बेटावर बत्ती आहे, म्हणजे दीपगृह, माझा भाऊ तिथं नोकरीला असतो, मचवा मिळाला तर बघून ये. आणि भावासाठी डबा दिला होता. आता तो मोबाइल पुढं धरून उभा होता आणि ऑफिसच्या थंडगार हवेत तिला एकाएकी खारट वास आल्यासारखं झालं.

“भेटला का रे गंधार?”

“भेटले ना ताई. मतलब, बेटावर नाही. तिथं दुसरेच एक काका होते. म्हणाले, या महिन्यात माझी पाळी, गंधार घरी आहे. एक महिना हे, एक महिना ते, असंच चालतं म्हणे. मग मी गावात आलो त्यांच्या घरी. काय घर बांधलंय ताई! निळं. पुढं झोपाळा. वहिनींनी सोलकढी दिली, मला वाटलं स्ट्रॉबेरीचं दूध, आणि एकदम घोट घेतला—” तो स्वतःवरच हसला. “तुम्ही तर म्हणायचात, बत्ती सोडून त्यांना कुठं जाता येत नाही. मला वाटलं, कोणी दाढीवाले बाबाजी असतील, रात्रभर जागणारे.”

“आणि दिवा कोण लावतं?”

“कोणीच नाही. अंधार पडला की आपोआप लागतो. हे बघा.” आणि त्यानं व्हिडिओ लावला. जिना, जिना, लोखंडी दार, वारा, आणि वरच्या काचेच्या खोलीत, जिथं एके काळी माणसापेक्षा उंच भिंग फिरत असे तिथं, लोणच्याच्या बरणीएवढं काहीतरी एका खांबावर बसवलेलं. “जुनं भिंग खाली ठेवलंय, शो-केसमध्ये,” अभिजित म्हणाला. “फोटो काढू देत नाहीत.”

“छान,” सुनेत्रा म्हणाली, आणि समोरच्या विम्याच्या प्रकरणात डोकं घातलं. कोणाची तरी गाडी सांगानेरला उभ्या उभ्या पेटली होती. बाहेर झालान्याच्या टेकडीवर ऊन नुसतं ओतत होतं आणि ऑफिसच्या सगळ्या काचांवर पट्ट्या ओढलेल्या होत्या. काचेला दिवसा पडदा हवा, हे तिच्या हाडांत मुरलेलं होतं. खातीपुऱ्याच्या फ्लॅटमध्येही ती रोज सकाळी उठल्याबरोबर पडदे ओढून घेई, आणि आई रोज म्हणे, “उघड गं ते, आधीच मला कमी दिसतं.” शाळेला सुटी लागली की अण्णा, तिचे वडील, तेव्हा बत्तीवर नोकरीला असलेले, तिला बेटावर घेऊन जात. तिथं तिला एकच काम होतं. अण्णांनी सकाळी दिवा मालवला की काचेच्या खोलीला सगळीकडून जाड पांढरे पडदे ओढायचे. ते भिंग रात्री आतला उजेड समुद्रावर कोसच्या कोस फेकायचं, आणि दिवसा तेच भिंग बाहेरचं ऊन ओढून आतल्या आत गोळा करायचं. पडदा राहिला तर आत असेल ते पेटतं. एकदा राहिला. म्हणजे तिनं ओढला होता. गंधारनं जहाज बघायला म्हणून सरकवला, आणि अण्णांचं कीर्तनाचं उपरणं खुंटीवर होतं त्याला रुपयाएवढं भोक पडलं. पडद्याचं काम सुनेत्राचं, म्हणून अण्णा सुनेत्राला बोलले. गंधार लहान होता, तिच्या परकराला धरून उभा होता, काही बोलला नाही. तीही बोलली नाही. घरी आल्यावर आईनं त्या भोकाला रफू करता करता म्हटलं, “पोर बघायला धडपडतं हो जहाजं. उद्या तोच सांभाळील बत्ती.” म्हणजे आईला कळलं होतं. कळूनही ते तिनं असं, त्याच्या बाजूनं, घडी घालून ठेवलं.

आणि आता आईला दिसत नाही. काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्याची कड रोज थोडी थोडी आत येते आहे. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, नळीतून बघितल्यासारखं. थेंबांनी व्हायचं होतं तेवढं झालं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “अम्माजी, जो गया वो गया, जो बचा है उसे बचाना है. ऑपरेशनमध्ये आता उशीर नको.” त्यांनी तिच्यासाठी म्हणून तीन मराठी शब्द जुळवले होते, पण आई त्यांच्याकडे न बघता सुनेत्राच्या आवाजाच्या दिशेला म्हणाली होती, “गंधार येऊ दे. आत नेताना मुलगा दाराशी हवा. त्याची सुटी झाली की करू.” मग घरी येऊन फोन. गंधारचा तोच आवाज, मऊ, थोडा ओशाळलेला. “आई, बत्ती सोडून कसा येऊ गं?” आणि आई फोन खाली ठेवून किती उजळायची. “बघ. बापासारखाच. दिवा सोडून हलणार नाही.” जणू न येण्यानंच त्यानं काहीतरी पाठवलं होतं, आणि ते तिला मिळालं होतं. रोज थेंब घालणारी, रिक्षेत चढताना पायरी दाखवणारी, ताटात भाजी कुठं आणि आमटी कुठं ते सांगणारी सुनेत्रा. तिच्याबद्दल असं उजळून बोलण्यासारखं काही नव्हतंच. जवळच्या माणसाचं काय सांगायचं? तो दिसतोच. आणि आता तर तोही दिसत नाही.

खातीपुऱ्याच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. एरवी ती कानात कीर्तन लावते. कोणी जुने बुवा, झांजेवर रेंगाळत बोलणारे, आणि बस कितीही गचके खात असली तरी आत काहीतरी सरळ बसतं. आज लावलं नाही. आज तिला अण्णांचंच आठवत होतं. अण्णा बुवा नव्हते, त्यांना कोणी बोलावत नसे. ते बेटावर रात्री कीर्तन करायचे ते झोप लागू नये म्हणून, आणि देव आहे म्हणून. या दोन कारणांत त्यांना काही फरक वाटत नसावा. काचेच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर ते उभे राहत, कमरेला तेच उपरणं, रफू आतल्या बाजूला घेतलेलं. श्रोते म्हणजे जोडीदार भगवान, आणि सुटीतली सुनेत्रा. वर भिंग फिरत असे, घरघर नव्हे, एक नुसतं सरकणं. ते फिरवणारं वजन साखळीवरून हळूहळू खाली येई. निरूपण संपत आलं की वजनही तळाला आलेलं असे. मग अण्णा झांज बाजूला ठेवून यंत्राला चावी द्यायला लागत. तेवढा वेळ भगवान नामाचा गजर धरून ठेवी, चावीच्या खटखटीवर, आणि वजन वर गेलं की अण्णा घाम पुसून कपाळाला बुक्का लावत आणि आख्यान सुरू करत. मोठमोठ्या सभागृहांत तिनं नंतर कीर्तनं ऐकली, जयपूरच्या मंडळातही दरवर्षी ऐकते, हार घालतात, पेटी-तबला असतो. पण पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये घाम गाळून काहीतरी वर चढवायचं असतं, नाहीतर पुढचा उजेड फिरत नाही, हे तिला त्या एका ठिकाणी कळलं ते कळलं.

आई यातलं काही बघायला कधी गेली नाही. बायकामाणसं गावात. आईनं बत्ती बघितली ती अंगणातून. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावून ती बाहेर येऊन उभी राही, समुद्राकडं तोंड करून, आणि पलीकडं पहिला झोत फिरला की हात जोडी. “लागला गं,” म्हणे. तेवढंच पत्र, तेवढीच तार. दिवा लागला म्हणजे माणूस आहे, धड आहे, जेवलाय. नाहीतर दिवा लागलाच नसता. अण्णा गेले, मग गंधारला तिथंच चिकटवून घेतलं, आणि आई लेकीकडं जयपूरला आली, कारण डोळ्यांचे डॉक्टर इथं. पण सवय तिनं बरोबर आणली. इथून गाव दक्षिणेला. स्वयंपाकघरात देव पूर्वेच्या भिंतीला, आणि दक्षिणेच्या भिंतीला गॅसचा ओटा. पहिल्यांदा तिनं निरांजन लावून तिकडं वळून हात जोडले तेव्हा सुनेत्राचा नवरा, रेल्वेतला माणूस, ड्यूटीवरून नुकता आलेला, दारातूनच म्हणाला होता, “अहो आई, दक्षिणेला काय नमस्कार करता? ती यमाची दिशा.” आई म्हणाली, “माझा मुलगा आहे तिकडे. यमाला म्हणावं, तू सरक.” तो हसला होता. सुनेत्राही हसली होती. पण सरकावं तिलाच लागलं. त्या वेळेला ती ओट्याशीच असते. रोज आई म्हणते, “सुनेत्रा, जरा बाजूला हो गं.” रोज ती हातातला झारा घेऊन बाजूला होते, आणि आईचा नमस्कार फोडणीच्या धुरातून, टाइल्समधून, दिल्ली सोडून उलट्या बाजूला, कुठल्या कुठं निघून जातो.

दिवा लागला म्हणजे माणूस आहे. आणि आता तो माणूस नसतानाही लागत होता. माणूस झोपाळ्यावर बसलेला असताना लागत होता. तो मेला असता तरी लागला असता. बसमध्ये कोणीतरी “भैया, साइड में” म्हणत शेजारच्या माणसाच्या पायावरून गेलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिनं गंधारला फोन लावलेला आहे.

“बोल ताई. आई बरी ना?”

मागं कुकरची शिट्टी झाली. बेटावर शिट्ट्या होतात का, तिनं स्वतःला विचारलं. होतही असतील.

“डॉक्टर घाई करतायत. येतोस?”

“ताई, बत्ती सोडून—”

“घराला निळा रंग कुणी निवडला? तुझ्या बायकोनं?”

मग तो म्हणाला, “तो पोरगा बोलला वाटतं.”

“त्याला माहीत नव्हतं, बोलू नये ते.”

“हं. ताई, खरं सांगू? मला तिच्यापुढं उभं राहवत नाही. ती माझ्याकडं बघते ना, तेव्हा अण्णांना बघते. रात्रभर जागून चावी देणारा माणूस. मी कोण आहे? बॅटऱ्या बघतो, सोलरच्या पाट्या पुसतो, रजिस्टरवर सही करतो. बत्ती मला ओळखत पण नाही गं. आणि आईनं मला तिथं वर, भिंगात नेऊन बसवलंय. खाली उतरून तिथं यायचं म्हणजे...”

“म्हणजे तिला दिसेल.”

“हो.”

“तिला तसंही दिसणार नाही गंधार, थोड्या दिवसांनी. मग येशील का?”

“तू अशी टोचून बोलू नकोस. तू आहेस ना तिथं. तू आहेस म्हणून तर मी...” आणि तिथं तो थांबला. त्याचंही बरोबर होतं, ते वाक्य पुढं नेण्यासारखं नव्हतं. “तिला सांग ना तू ऑपरेशन करून घ्यायला. तुझं ऐकेल ती.”

“माझं?” सुनेत्रा म्हणाली, आणि तिला खरोखरच हसू आलं, मोठ्यानं, इतकं की पुढच्या सीटवरच्या बाईनं घुंगट सावरत मागं वळून बघितलं.

स्टॉपपासून घरापर्यंत चालताना तिनं ठरवलं की सांगायचं. सगळं. महिना महिना रजा, निळं घर, झोपाळा, बरणीएवढा दिवा. त्याच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही हे एकदा आईला कळलं की ती उद्या सकाळी दवाखान्यात येईल. डोळा वाचेल. एवढं सरळ होतं ते. आणि या सरळपणाच्या तळाशी काहीतरी गोड, चिकट होतं, तेही तिला जाणवत होतं. आईच्या तोंडावरचा तो उजेड एकदा मालवताना बघायचा होता तिला. भिंगाचा पडदा सरकवायचा होता. इतकी वर्षं कीर्तनं ऐकून माझ्यात एवढंच साठलं का, असं तिच्या मनात आलं, आणि ती जिना चढली.

आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाती वळत होती, बोटांनीच, न बघता. “आलीस? आज उशीर केलास. तिन्हीसांज होईल आता.”

“आई, अभिजित आलाय कोकणातून.”

“कोण? तो मराठी बोलताना अडखळतो तो? गेला होता का बत्तीवर?” हात थांबले. सगळा चेहरा आवाजाच्या रोखानं वर आला, पण रोख जरासा चुकला; ती सुनेत्राच्या खांद्यापलीकडं फ्रिजकडं बघत होती. “काय म्हणतो गंधार?”

“तिथला दिवा आता आपोआप लागतो, आई. माणूस लागत नाही लावायला.”

“असं कोण म्हणतं?”

“अभिजितनं बघितलं. एवढासा दिवा आहे. भिंग काढून खाली ठेवलंय.”

“टुरिस्ट तो. जिने चढायचे, फोटो काढायचे. त्याला काय कळतंय?” पण हातातली वात उलगडत चालली होती. कापसाचा तो धागा तिनं परत पिळायचा प्रयत्न केला, तो नुसताच लांबला. “भिंग काढलं? तुझे अण्णा रोज पुसायचे ते. शामॉयच्या कातड्यानं.” खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. आणि मग अगदी हळू, सुनेत्रानं आईच्या तोंडून कधी न ऐकलेल्या अशा लहान आवाजात तिनं विचारलं, “मग तो का नाही गं येत?”

बस. आता फक्त उत्तर द्यायचं होतं. उत्तर जिभेवर होतं, निळ्या रंगाचं, झोपाळ्याचं. सुनेत्रानं आईकडं बघितलं, वरून, आणि तिला दिसलं की इथं मालवायला एकच दिवा आहे. तो मालवला तर खाली आणखी कुठलाही सापडणार नाही, आणि ‘मला बघ’ म्हणून पुढं व्हायला ती स्वतः तर या डोळ्याच्या कडेबाहेर उभी आहे. उद्या दवाखान्यात येईलसुद्धा ही. पण डोळा वाचवून बघायचं काय, असं विचारील, आणि त्याचं उत्तर सुनेत्राकडं नव्हतं. वजन तळाला आलं होतं. भगवाननं गजर धरून ठेवला होता आणि कुणीतरी चावी द्यायला हवी होती.

“अगं, लागतो आपोआप,” ती म्हणाली. “पण पुसायचं कुणी? बाहेरच्या काचेवर मीठ बसतं ना. अण्णा म्हणायचे, एक दिवस नाही पुसली तर झोत अर्धा होतो. आपोआप फक्त लागतं, पुसलं जात नाही आपोआप काही.”

“तेच म्हणते मी,” आई म्हणाली.

“आणि त्याचा जोडीदार आजारी आहे. एकटाच आहे तो. वारा एवढा, की बाहेरच्या कठड्यावर कमरेला दोर बांधून उभा राहतो, एका हातानं कठडा, एका हातानं काच.” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, त्यात लय येत होती, वाक्याच्या शेवटी अण्णांसारखा तो हलका ठेका. “अभिजितला म्हणाला, माझ्या आईला सांग, मी इथं काच पुसतोय ती तिचा डोळा समजूनच पुसतोय. तिनं तिथं तिचा साफ करून घ्यावा. ऑपरेशन झाल्याशिवाय मी बेटावरून पाय खाली ठेवणार नाही, असा नेम केलाय त्यानं. तू थांबलीस, तर तोही तिथंच अडकेल.”

आईनं हात जोडले होते. कीर्तनात आख्यान ऐन भरात आलं की ती अशी बसते, मांडीवर हात जोडून, तोंड थोडं उघडं. बंद होत चाललेल्या डोळ्यांतून पाणी मात्र नीट येत होतं. “वेडा आहे तो,” ती म्हणाली. “नेम कसले करतो? पडला म्हणजे? सांग त्याला, उद्याच करून घेते म्हणावं. आत्ताच सांग. बापाची सगळी जिद्द उतरलीय हो त्याच्यात.” मग ती उठली, भिंतीला हात लावत देवाकडं गेली. “आणि तू त्या पोराचे आभार मान गं. एवढ्या लांब जाऊन निरोप घेऊन आला. कुणाला असते एवढी माया?”

“नाही,” सुनेत्रा म्हणाली. “कुणाला नसते.” ती ओट्याशी गेली आणि पातेल्यात चहाचं पाणी ठेवलं. खाली ज्योत ठेवली, रुपयाएवढी.

आईनं काडी ओढली. एक विझली, दुसरी लागली. निरांजनाची ज्योत तिला तिच्या त्या नळीत बरोबर सापडली. पुटपुटून झालं. मग रोजच्यासारखी ती उजवीकडं वळली आणि म्हणाली, “सुनेत्रा, बाजूला हो गं.”

एक क्षण ती हलली नाही. आईचा चेहरा सरळ तिच्या समोर होता, अगदी समोर, डोळ्यात उरलेल्या तेवढ्याशा उजेडाच्या बरोबर मध्ये ती उभी होती, आणि आई तिच्याकडं बघत होती. वाटेत काय आहे, ते बघावं तशी.

“अगं, उशीर होतोय. लागला असेल तिकडं.”

सुनेत्रा एक पाऊल बाजूला झाली. आईनं हात जोडले, डोळे मिटले. टाइल्सवर तेलाचे डाग होते, कॅलेंडर होतं, पाणी उकळायला लागलं होतं. आई बराच वेळ तशी उभी राहिली. मग तिनं डोळे उघडले, समोरची मोकळी भिंत बघितली, आणि जरा दचकून म्हणाली, “गेलीस का गं?”

तिच्या कोपराला जवळजवळ लागूनच सुनेत्रा उभी होती. “इथंच आहे मी,” ती म्हणाली.

“कुठं?” भिंतीकडंच बघत आईनं विचारलं.